कानिस्त्रांची पावाची टोपली

आसुन्ता फोतींच्या घरात नांदायला गेली त्याला बावीस वर्षं झाली. पण आमच्याकडे लग्नाने बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे ती अजूनही कानिस्त्राच. टोपल्या विणणारा तो कानिस्त्रा, हे आमच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. शब्द जुन्या ग्रीकमधला, आणि आजोबांच्या पिढीपर्यंत घरोघरी तीच बोलत. खाली रेज्जो शहरात कचेरीतले लोक त्याला नुसतं आडनाव समजतात, ते त्यांचं अज्ञान.

गावच्या संताच्या उत्सवाला पावाची मोठी टोपली विणायची ती कानिस्त्रांनीच, आणि तीही पुरुषाने. आसुन्ताच्या वडिलांची, फोर्तुनातोंची, बोटं संधिवाताने वाकडी झाली आणि पंचाईत आली. पोटी ही एकच मुलगी. म्हाताऱ्याने रेज्जोत टायर विकणाऱ्या पुतण्याला, पास्क्वालेला, सांगावा धाडला. कानिस्त्रा नाव आहे ना त्याचं, मग हातही बसेल, असा म्हाताऱ्याचा हिशेब.

आसुन्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणापासून बोरूच्या कामट्या तिनेच तासल्या, ऑलिव्हच्या फोका तिनेच भिजवल्या. पण काठ बांधायची वेळ आली की बाबा तिच्याकडे पाठ करून बसत. मग ती मोडक्या टोपल्या गुपचूप उचलून न्यायची आणि काठ उसवून उसवून शिकायची. यंदा तिने ठरवलंच. जानेवारीत चंद्र उतरणीला लागला तशी ती कुणाला न विचारता कोयता घेऊन बोरू तोडायला ओढ्यात उतरली.

पास्क्वाले आला ईस्टरच्या आधल्या पंधरवड्यात, आणि वाढत्या चंद्रात बोरू तोडून मोकळा झाला. तसल्या बोरूला कीड लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. उत्सवाच्या सकाळी त्याच्या टोपलीतून पिवळा भुसा गळत होता. आसुन्ताने आपली टोपली चौकात आणून ठेवली.

पाव भरण्याआधी विणणाऱ्याने टोपली पालथी घालून सगळ्यांसमोर तिच्यावर बसायचं, ही आमच्याकडे टोपलीच्या मजबुतीची परीक्षा. उत्सवाचे म्होरके नीनो आडवे आले. बाईमाणसाने भर चौकात असं बसणं शोभत नाही, म्हणाले.

आसुन्ता बसली.

"झालं, आता ऊठ," नीनो म्हणाले. "मिरवणूक खोळंबलीय."

"खोळंबू दे. दरवर्षी ही टोपली मीच विणणार, हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हलत नाही."

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. नीनोंनी फोर्तुनातोंना पुढे बोलावलं. तुमची पोर आहे, तुम्हीच समजवा, म्हणाले.

म्हातारा काठी टेकत आला. कष्टाने वाकला आणि वाकड्या बोटांनी टोपलीचा काठ चाचपत एक फेरी पुरी केली. आसुन्ता त्याच्या बोटांकडे बघत होती. बापाने आता ऊठ म्हटलं असतं, तर तिला उठावंच लागलं असतं.

"सरक जरा," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी टोपलीवर बसला.