फाळक्यावरचं नाव

माझा स्वभाव चिडका आहे हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलाही. पण त्या खंडेनवमीला मी चिडले ती स्वभावामुळे नव्हे, हे अजून कोणी मान्य केलेलं नाही. "एवढी छान गाडी करून दिली, तर ही माझ्याच अंगावर धावून आली," ही दादाची हकिकत सगळ्या नातेवाइकांत फिरून आली आहे. म्हणून आता माझी सांगते.

गाडी म्हणजे बाबांची जुनी पिकअप. गोल दिवे, फुगलेलं बॉनेट आणि मागे माल भरायला मोठा हौदा. बाबा तिच्यातून आसपासच्या गावांची भाजी मार्केट यार्डात आणून टाकायचे. ते गेल्यावर कात्रजच्या आमच्या घरासमोर ती उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, सीटमध्ये मांजर व्यायली आणि शेजारचे काका दर रविवारी फाटकाशी येऊन "भंगारवाला ओळखीचा आहे बरं का" असं सांगू लागले. एकदा मी म्हटलं, "काका, तुमची स्कूटरही बरीच थकलेली दिसते. दोन्ही एकदमच देऊन टाकू या." तेव्हापासून ते फाटकाशी थांबत नाहीत.

मी कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. लोखंडाला हात लावायची मला भीती नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवार माझा असतो. तर एका रविवारी मी बॉनेट उघडलं आणि पुढची काही वर्षं माझे सगळे रविवार त्यातच गेले. कार्बोरेटर सोडवून रॉकेलमध्ये धुतला. ब्रेकचं सगळं उतरवून नव्याने बसवलं. सुटे भाग शोधत शहरभर फिरले. एका दुकानदाराने मला काउंटरवरूनच सांगितलं, "मॅडम, साहेबांना पाठवा. त्यांना नीट सांगता येईल काय हवंय ते." मी म्हटलं, "साहेब अजून जन्माला यायचे आहेत. तोवर मला दाखवा." दाखवलं त्याने, पण तोंड वाकडं करून.

गाडी नवी करणं हा माझा हेतू कधीच नव्हता, आणि हे घरात मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं. इंजिन चालावं, ब्रेक लागावेत, गंज थांबावा, पण वरचा रंग बाबांच्या वेळचाच राहावा. जिथे उडालाय तिथे उडालेलाच राहू दे. त्यासाठी मी गंज हाताने हलके हलके घासायचे, वर तेलाचा हात फिरवायचे. लोकांना हे पटत नाही. दुरुस्ती म्हणजे चकचकीत, एवढंच त्यांना कळतं. दादा तर म्हणायचा, "इतकी मेहनत करतेस आणि गाडी दिसते तशीच! उपयोग काय?"

उपयोग काय ते मी त्याला कधी सांगितलं नाही. उपयोग होता मागच्या फाळक्यावर. हौदा मागून बंद करणारं पत्र्याचं दार असतं, तो फाळका. गाडी घेतली तेव्हा बाबांनी पेंटरकडून त्यावर दादाचं नाव लिहून घेतलं होतं. पिवळी ठसठशीत अक्षरं, आधी चि., दोन्ही बाजूंना कमळं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. माझं का नाही, असं विचारलं तर बाबा म्हणाले, "गाडीवर मुलाचं नाव असतं." त्यांनी ते रागाने नाही सांगितलं. पाऊस वरून पडतो हे सांगावं तसं सांगितलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं आणि न जेवता झोपले.

सकाळी आईने हात धरून बाहेर नेलं. फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगात माझं नाव होतं. वाकडंतिकडं, एक अक्षर मोठं, एक बारीक, काना खाली ओघळलेला. "बघ, बाबांनी तुझंही लिहिलं," आई म्हणाली. बाबा गाडी सुरू करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. बाबा मुळात फार बोलणारे नव्हतेच. माझी फी भरताना कुरकुरले, मी यंत्रांचं शिक्षण घेते म्हटल्यावर महिनाभर गप्प झाले. अशा प्रत्येक वेळी मी बाहेर जाऊन तो कोपरा बघून यायचे. ह्या माणसाने स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलंय, मग बाकीचं चालेल, असं मनाशी म्हणायचे. गाडी मी वाचवत होते ती त्या कोपऱ्यासाठी. त्याचे फोटो माझ्याकडे खंडीभर आहेत, पण फोटोवरून बोट फिरवून काही कळत नाही.

त्या वर्षी नवरात्रात मला ऑफिसच्या कामासाठी कोल्हापूरला जावं लागलं. खंडेनवमीच्या सकाळी परत आले. रिक्षातून उतरले आणि आधी मला वाटलं, कोणाची तरी नवी गाडी आमच्या दारात लावली आहे. निळीभोर, चेहरा दिसेल इतकी चकचकीत. पेरूच्या झाडाखाली दादा कमरेवर हात ठेवून उभा होता, लग्नात वरबाप उभा राहतो तसा.

"सरप्राइज!" तो म्हणाला. "म्हटलं, उद्या दसरा, गाडीला हार घालायचा तर गाडी हाराजोगी दिसायला नको? काल संध्याकाळीच शेवटचा हात मारला. अजून जरा ओली आहे, हात लावू नकोस."

मी बॅग तिथेच टाकून मागे धावले. फाळका निळा. मध्ये दादाचं नाव, पिवळं, ठसठशीत, कमळांसकट. खालचा कोपरा निळा.

"जसंच्या तसं लिहून घेतलंय," दादा मागून सांगत होता. "पेंटरला फोटो काढून दाखवला होता मी आधी." त्याने फोटो माझ्यासमोर धरला. फोटो त्याच्या नावाचा होता. कोपरा त्यात आलाच नव्हता.

"माझं नाव कुठे आहे?"

"तुझं?" त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. "ते खाली काहीतरी खरडलेलं होतं ते? अगं, ते वाचताही येत नव्हतं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारचे काका बऱ्याच दिवसांनी फाटकाशी आले, यावरून आवाजाचा अंदाज यावा. पण बोलता बोलताही माझं डोकं चालत होतं. जुना रंग वर्षानुवर्षं वाळून दगड झालेला असतो. वरचा कालचा आहे. टर्पेंटाईनने आज पुसला तर वरचा निघेल, खालचा राहील. उद्यापर्यंत हाही धरून बसेल. जे करायचं ते आत्ताच. मी हत्यारांच्या कपाटाकडे गेले, तर कपाट रिकामं.

हत्यारं देवापुढे होती. आईने माझे सगळे पान्हे, पकडी, हातोड्या, खरवडायची पाती पाटावर ओळीने मांडली होती आणि प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. टर्पेंटाईनचा डबाही होता. त्यालाही कुंकू. कपाटात जे जे दिसलं ते सगळं तिने पुजलं होतं.

मी डब्याला हात घातला तशी आई मध्ये आली. "आज हत्यार उचलायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"उद्या उपयोग नाही, आई. उद्या निघणार नाही तो."

"मग राहू दे."

"काय राहू दे? बाबांच्या हातचं अक्षर आहे खाली! तुला माहीत आहे. तूच दाखवलं होतंस मला."

ती पाटासमोरून हलली नाही. आमच्याकडे खंडेनवमीला कोणी साधी सुरी उचलत नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात. मी देवभोळी नाही, तरी हा नियम मी जन्मात कधी मोडला नव्हता. त्या दिवशी आईच्या खांद्यावरून हात घालून डबा आणि पातं उचललं. फूल जमिनीवर पडलं. ते तिने उचलून कपाळाला लावलं आणि माझ्या मागोमाग बाहेर आली.

जुन्या ओढणीचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवून मी कोपरा पुसू लागले. निळा रंग निघू लागला, हात निळे झाले. दादा "अगं, सगळी वाट लावतेस!" म्हणून ओरडत होता. मी आणखी जोरात पुसलं. निळ्याखाली राखाडी अस्तर लागलं. अस्तर पात्याने खरवडलं. अस्तराखाली पत्रा होता. उघडा, पांढरा, नव्या ताटासारखा लखलखीत.

"पेंटरने मनापासून काम केलंय," दादा म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. "आधी सगळा फाळका पत्र्यापर्यंत घासून घेतला. मी समोरच बसून होतो तेव्हा."

मी बोळा त्याच्या अंगावर फेकला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा डाग पडला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. "बाबांनी आयुष्यात माझ्यासाठी एक गोष्ट स्वतःच्या हाताने केली होती," मी ओरडले. "एक! ती पण तू घासून टाकलीस!"

"ह्यांच्या हातचं नव्हतं ते," आई म्हणाली.

ती पायरीवर उभी होती. फूल अजून हातातच होतं.

"तू रडत झोपलीस ना, तेव्हा मी लिहिलं. पेंटरचा लाल रंग डब्याच्या तळाशी उरला होता. ब्रश नव्हता, काडीला चिंधी गुंडाळली. ह्यांनी सकाळी पाहिलं. काही बोलले नाहीत. पुसलं नाही, एवढंच."

दादा सदऱ्यावरचा डाग चोळू लागला. मला मात्र गप्प बसवेना. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी जिवंत माणसाशी भांडले. "मग इतकी वर्षं खोटं का सांगितलंस? आणि पेंटर घासत होता तेव्हा तू घरातच होतीस ना? कुठे होतीस?"

"इथेच होते. त्याला चहा द्यायला आले होते. त्याने विचारलं मला, आजी, खाली काहीतरी लिहिलंय, ठेवायचं का?"

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही ते, असंच आहे."

"आई, का?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू उत्तर मला माहीतच असायला हवं होतं.

"ह्यांच्या हातचं असतं तर थांबवलं असतं गं," ती म्हणाली. "माझंच तर होतं."