नकाशावर बाबांची जागा

शनिवार, १२ एप्रिल १९८६. मी गॅरेज रिकामं करत होते. मधुकर जाऊन पाच आठवडे झाले होते आणि त्याच्या नकाशांच्या गुंडाळ्यांमुळे गाडी अजून बाहेर उन्हात उभी होती.

धरणांचे नकाशे काढणं हे माझ्या नवऱ्याचं काम. सॅन अँटोनिओच्या घरात जेवणाच्या टेबलावरही त्याचे कागद असायचे. सगळ्यात लाडका नकाशा रिओ ग्रँडेवरच्या सरहद्दीच्या जलाशयाचा... चहूकडे वाळवंट, उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषांची दाटी, मध्ये निळं पाणी आणि त्या पाण्यातूनच गेलेली मेक्सिकोची तुटक हद्द. एखादा ओढा चुकीचा वळलेला दिसला की हा आख्खा कागद पुन्हा काढायचा. "अरे, तिथं कोण बघायला जाणार आहे?" मी म्हणायचे. "जो जाईल तो फसेल ना!" हे त्याचं उत्तर.

तोच नकाशा मी उलगडला. अमेरिकेच्या बाजूला, बुडालेल्या जुन्या पात्रावर, पेन्सिलीची बारीक फुली होती. शेजारी त्याचं सुबक अक्षर : 'बाबांच्या अस्थी. नोव्हेंबर ८०.'

बाबा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे राहायला आले आणि इथेच गेले. मी एकुलती एक, पण तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. मधुकर डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला भारतात निघाला होता, म्हणून अस्थींचा कलश त्याच्याकडे दिला. परत आल्यावर रामकुंडावरची गर्दी, गुरुजींची घाई, सगळं त्यानं रंगवून सांगितलं होतं. मी ऐकून रडले आणि निश्चिंत झाले.

शिकागोला नणंदेला फोन लावला.

"नंदा, तुझ्या लग्नाला येताना दादानं कलश आणला होता?"

ती म्हणाली, "वहिनी, प्लीज... लग्नघरात अस्थी आणायच्या नाहीत, असं आईनं त्याला कळवलं होतं. दादानं मला शपथ घातली होती."

"इतकी वर्षं?"

"तुम्हाला कळलंच नसतं तर काय बिघडलं असतं?"

मी फोन ठेवला.

त्याची अडचण मला समजली असती. बाबांनाही समजली असती, ते हसले असते. पण शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलात, माझा हात धरून मधुकर म्हणाला होता, "मलाही रामकुंडातच सोड. बाबांच्या सोबतीला." तेव्हा तरी सांगायचं... मी त्याच्या अस्थी न्यायला पुढच्या आठवड्याचं भारताचं तिकीट काढून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅन्सल केलं. मधुकरचा कलश फडताळात ठेवला, नकाशा शेजारच्या सीटवर घेतला आणि तीन तास ड्राइव्ह केलं. होडीवाल्याला फुली दाखवली. तिथं पोचल्यावर त्यानं इंजिन बंद करून टोपी काढली. मी तीळ आणि पाणी सोडलं.

"तुमचे वडील इथले का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "नाशिकचे."