राजाच्या लढाईला मुलगा

जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात गावकरी आपलं मध्ययुगातलं बंड चौकात करून दाखवतात. राजाची कुठेतरी लढाई चाललेली असते, तो प्रत्येक घरातून एक मुलगा मागतो. विणकर, लोहार भडकतात, राटहाउस, म्हणजे गावाची कचेरी, ताब्यात घेतात, वेशीचे दरवाजे लावून बसतात. मग राजा फौज घेऊन येतो, तिघांची मुंडकी उडवतो आणि मुलगे घेऊन जातो. राजा म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर. एरवी गरीब गाय, पण मुकुट चढला की त्याच्या अंगात येतं.

यंदा मी आयांमध्ये होते आणि माझा मुलगा नेल्या जाणाऱ्या पोरांमध्ये. नुकताच अठराचा झालेला. त्याला खरंच सैन्यात जायचं होतं. टीव्हीवर युद्ध, जेवताना युद्ध, घरात दुसरा विषयच नाही. "डोकं फिरलंय का तुझं? मी जिवंत असेपर्यंत नाही!" म्हणत मी ताटं आपटायचे. पोरगा माझं मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, तेही शांतपणे, आणि त्यानेच माझं टाळकं सरकायचं. शेवटी म्हणाला, तू हो म्हटल्याशिवाय नाही जाणार. तेवढ्या एका शब्दावर मी त्याला धरून ठेवला होता.

तालमीत नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, निरोप प्रत्येकीने आपल्या घरच्या रीतीने द्या. बाकीच्या मिठी मारणार होत्या. चारचौघांत गळ्यात पडून रडणं मला कसलं जमतंय! म्हटलं, मी औक्षण करीन. "गेनाऊ!" अगदी हेच हवंय म्हणत बाई एकदम खूश. नाटकच तर आहे, मी एवढाच विचार केला.

प्रयोगाच्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं. तिघं मेल्याचं सोंग घेऊन फरशीवर पडले होते आणि बघणारे खरोखरच गप्प झाले होते. तबक घेऊन मी पोरासमोर गेले, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वाऱ्याला हात आडवा धरून ओवाळलं. "सांभाळून जा रे बाळा." हे कुणी लिहून दिलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

त्याचे डोळे भरले. दिवाळीलाही ज्याला दहादा सांगावं लागतं, तो आपणहून वाकून पाया पडला. मग कानाशी जर्मनमध्ये म्हणाला, "दान्के, आई. हो म्हणालीस शेवटी. उद्याच कळवतो सैन्यभरतीवाल्यांना."

"अरे, नाटक आहे हे!" मी म्हणाले, पण ढोल सुरू झाले होते. राजाने हात वर केला, रांग हलली. मी धावत जाऊन पोराची बाही पकडली. ते कुंकू पुसून टाकावं, म्हणजे तरी त्याला कळेल, म्हणून हात कपाळापर्यंत नेला.

आणि लढाईला निघालेल्या मुलाचं कुंकू आईने पुसायचं? बोटं तिथेच थिजली. त्याला वाटलं, मी गोंजारतेय. तो हसला, माझा हात हळूच बाजूला केला आणि रांगेत चालू लागला.