यमुनेची गोष्ट आणि माझी खळ

आमच्या घरचं एक पुस्तक छापून निघालं आणि त्याची प्रत्येक प्रत वेगळी निघाली. एवढं सोडलं तर सगळं व्यवस्थित झालं.

पुस्तक आमच्या यांचं. हे बडनेऱ्याला रेल्वेत, मालाच्या कचेरीत कारकून. मालगाडी उशिरा आली की हे लिहायला बसत. (मालगाडी कधी वेळेवर येत नसे, म्हणून कादंबरी जाड झाली.) गोष्ट यमुना नावाच्या मुलीची. ती बापाशी भांडून, बोचकं घेऊन बडनेऱ्याच्या फलाटावरून गाडीत बसते. मी चुलीपुढे भाकरी थापायची आणि हे पाटावर बसून वाचून दाखवायचे. यमुना नाशकाला पोचली आणि यांनी वही मिटली!

"मंग? वापस येते का नाई थे घरी?"

"छापल्यावर वाचजो. आपल्या हातानं, पहिल्या पानापासून."

"आत्ता सांगा ना!"

"मंग पुस्तक कायले छापू?"

मी चौथी पास. डब्यांवरची नावं आणि पंचांग सोडून तोवर काही वाचलेलं नव्हतं. पण यमुना परत येते की नाही, या विचारानं माझ्या भाकरी करपायला लागल्या. माझंही तेव्हा माहेरी जाणं-येणं बंद होतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

पुस्तक स्वतःच्या खर्चानं काढायचं, तर कुठे काढायचं याचा तपास यांनी अख्खा उन्हाळा केला. पहिलं यंत्र कचेरीतलं. मेणकागदावर लोखंडी लेखणीनं लिहायचं आणि शाईचा रूळ फिरवायचा. त्यातून निघालेल्या पानावर मुंग्या शाईत पाय बुडवून फिरल्यासारख्या दिसत. दुसरं अमरावतीचं, पायानं चालवायचं. नवंकोरं, कागद गुळगुळीत, पण अक्षर राईएवढं. तिसरं अकोल्याच्या जुन्या शहरातलं, माझ्या सासरच्या गल्लीतच. ते सुरू झालं की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून खाली येत. पण अक्षर हरभऱ्याएवढं!

एकच पान हे तिन्हीकडून छापून घेऊन आले आणि बाजेवर मांडून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. दूधवाल्यालासुद्धा!

"तू सांग वं, कोन्तं?"

"अक्षर मोठं थे."

"कागद पाह्य, शाई पाह्य. अक्षरच काय पाह्यतं?"

"मले बोट ठेवून वाचा लागते. राईवर बोट ठेवलं तं राई दिसन का?"

यांनी तिन्ही पानं गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन ठरवून आले. कचेरीत सांगितलं, तिथला माणूस ओळखीचा आहे म्हणून.

छापून झाल्यावर मोठमोठे कागद हातगाडीवरून सासरी आले; आम्हीही बडनेऱ्याहून तिथे गेलो. बांधणी घरीच करायची, हे यांचंच डोकं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोधड्या शिवण्यात गल्लीत पहिल्या. यांना ड्युटीवर जायचं होतं.

"पानं शिवून, पुठ्ठे लावून ठेवजा. आयतवारी आमचे सायेब येऊन राह्यले. अन् तू शेवट आधी पाहू नको!"

एवढंच सांगून गेले. घडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत!

मी पहिला कागद उलगडला आणि हादरले. एका कागदावर आठ पानं, त्यातली निम्मी डोक्यावर उभी! (कागदाची घडी घातली की ती आपोआप सुलटी होतात, हे मला फार उशिरा कळलं.)

"आत्याबाई! फशिवलं आपल्याले! अर्धं पुस्तक उल्टं छापलं!"

"वापस कर. त्याच्या तोंडावर मार."

मी कागद घेऊन छापखान्यात गेले, तर कुलूप. मालक लेकीची सोयरीक बघायला गेलेले. जे बोलायचं होतं ते मी कुलपाला बोलले आणि परत आले.

तोवर शेजारच्या सुभद्राबाई कात्री घेऊन हजर.

"रडतं काहून? काप अन् सुल्टी कर. पान काई वांगं हाये का, उल्टं झालं तं सडाले?"

मग काय! सगळी गल्ली कापायला बसली. मी मात्र पानांवर नजर टाकत नव्हते. चुकून शेवट दिसला तर? मान भिंतीकडे आणि हात कात्रीवर, असं कापलं तर काठ वाकडेतिकडे होणारच. मग आत्याबाई म्हणाल्या, काठ सारखे करा. खाली प्रत्येक पानाला एकेक आकडा लोंबत होता. मला वाटलं, कापसाच्या गठाणींवर व्यापारी मारतात तशी ही छापखान्याची खूण. ती आपल्या पुस्तकात कशाला? छाटली!

त्यानंतर सुभद्राबाईंची शेळी आत शिरली. सगळ्या मिळून शेळीला हाकलायला उठल्या आणि पानांचे गठ्ठे पायांखाली एक झाले. शेळीनं फार थोडं खाल्लं. उरलेलं बायकांनी जसं हाताला लागेल तसं उचललं आणि शिवलं. टाके मात्र बघावेत! गोधडीचे पक्के टाके!

पुठ्ठे चिकटवायची खळ माझ्याकडे. गव्हाच्या पिठाची, मंद जाळावर घोटलेली, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. सुभद्राबाईंनी विचारलं, "ह्या पानाची एक बाजू कोरी हाये, ह्याचं काय करू?"

मी भिंतीकडे बघतच सांगितलं, "थे पुठ्ठ्याले लाव. कोरी बाजू वर ठेव, सफा दिसते."

रविवारी साहेब आले, कचेरीतली माणसं आली. पोहे झाले. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसून प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत दिली. साहेबांनी चष्मा लावून पहिलं पान मोठ्यानं वाचलं:

"यमुनेचा मुलगा शाळेतून आला."

यांच्या तोंडातला पोहा तोंडातच राहिला.

"माह्यात तं यमुनेचं बारसं हाये," एक कारकून म्हणाला.

"माह्यात दोनदा हाये, बारसं."

"माह्यात यमुनाच नाई!"

यांनी एक प्रत ओढून घेतली, भराभर उलटली, शेवटी आले. समोर कोरा कागद.

"शेवट कुठी गेला?"

आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या, "पुठ्ठ्याले हाये बावा. सूनबाईनं असा पक्का लावला, का मेल्यावरबी निघाचा नाई!"

हे लाल झाले. मग पांढरे झाले. मग असे हसत सुटले की साहेबांनी टोपी उचलली आणि "वेगळाच प्रयत्न आहे" असं म्हणून दार गाठलं.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "थे जाऊ द्या. यमुना वापस आली का नाई?"

"पुठ्ठा उखडून पाह्य!"

लिहिलेल्या वह्या छापखान्यानं केव्हाच रद्दीत दिल्या होत्या. आता शेवट होता तो एक पुठ्ठ्याखाली आणि एक यांच्या डोक्यात. मी रोज विचारायची. एके दिवशी यमुना परत येऊन बापाची सेवा करी. दुसऱ्या दिवशी ती भुसावळला खानावळ काढी. जेवण बिघडलं असलं की ती गाडीखाली जाई! इतकी वर्षं संसार केला, पण खरा शेवट यांनी एकदाही सांगितला नाही. मीही पुठ्ठ्याला हात लावला नाही. उखडला असता तर विचारायला काही उरलं नसतं.

मग हे गेले. बडनेऱ्याचा क्वार्टर सुटला. गाड्यांचे आवाज ऐकू येत नाहीत म्हणून मला कितीतरी दिवस झोप लागेना, पण सवय मोडते.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. आमच्याजवळ राहिलेली शेवटची प्रत काढली, परातीत कोमट पाणी घेतलं आणि पुठ्ठा भिजत घातला. बऱ्याच वेळानं एक कोपरा सुटला. हरभऱ्याएवढं अक्षर. मी बोट ठेवून वाचलं, "यमुनेनं कडी वाजवली. आतून बापानं विचारलं, कोण आहे? यमुना म्हणाली,"

पुढचा कागद पुठ्ठ्यालाच राहिला. नखानं खरवडला, तर त्याचा लगदा झाला.

आता नात स्वतःचं पुस्तक स्वतःच काढते आहे. पानं मांडायची तीन सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उघडून बसली आहे. एकच पान तिन्हीत करून मला दाखवते.

"आजी, यातलं कोणतं घेऊ?"

"अक्षर मोठं थे."

"आणखी काही? तुला अनुभव आहे म्हणून विचारते."

"हाये ना," मी म्हणाले. "खळ पातळ ठेवजो माय."