न धुतलेली साडी

"हसा, हसा. पण पोरगी प्याली का न्हाई, ते बघा."

मिशीवरून हात फिरवीत, खांद्यावरचा पदर सावरीत आप्पा हे म्हणत. पदर त्यांच्या लेकीच्या साडीचा असे.

केडगावात मी ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना हिब्रू शिकवीत असे. वर्गामागेच आप्पांचे घर. पूर्वी मेंढरांमागे हिंडलेले कुटुंब. आता शेवंती आणि कांदा. लेक शिरूरकडच्या कारखान्यात, जावई ट्रकवर. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली, आणि तान्ही नात आईवाचून कोणाच्या हातून दूध घेईना. काढून ठेवलेले दूध बोंडल्याने पाजू लागताच ती तोंड मिटून घेई. लेक नोकरी सोडायला निघाली.

आप्पा म्हणाले, "मेंढी परकं कोकरू जवळ घेती का? मग तिचंच दूध कोकराच्या अंगाला चोळायचं. वासावर घेती. हितं उलटं करू."

त्यांनी लेकीची रात्री नेसलेली साडी अंगाभोवती गुंडाळली, नात उराशी धरली आणि बोंडले तिच्या ओठांना लावले. रस्त्यावरून कोणी ओरडले, "आप्पा, कुंकू ऱ्हायलं की!"

नात प्याली.

दुसरा दिवस लेकीने कामावर हजर होण्याचा. नातीचा आकांत. लाजेखातर लेकीने साडी धुऊन, इस्त्री करून ठेवली होती.

"येडे, मला काय लग्नाला जायाचंय?" आप्पा गरजले. "अंगावरची दे! बस हुबी हाय."

लेकीने साडी बदलली. बस तिला घेऊनच गेली.

त्याच सुमारास वर्गात जुन्या करारातील 'ओमेन' हा शब्द आला. तान्ह्याला उराशी वाहून वाढवणारा पुरुष, हा त्याचा अर्थ. एक विद्यार्थी हसला, "सर, हे बाईचं काम ना?"

मी खिडकी उघडली.

अंगणातून आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, हळू शिकवा. आत्ता डोळा लागलाय."

आपण सर्वांनी पुष्कळ आजोबा पाहिले असतील. या शब्दाला पुरे पडणारा मी एकच पाहिला.

आप्पा गतवर्षी गेले. नात शाळेत जाते. तिला धाकटा भाऊ झाला आहे. लेक पुन्हा कामावर रुजू झाली, त्या सकाळी मी खिडकीशी होतो. अंगणात जावई साडी गुंडाळून, अवघडून बसला होता. तान्हा रडत होता. नातीने पदर नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारला.

"पप्पा, ही धुतलेली हाय!"