तळाला भोक नाय

याकूबभाई काहीही बनवलं की आधी त्यात पाणी भरून बघायचे. टाकी असेल तर ठीक आहे. पण एकदा मी त्यांना ट्रॉलीच्या दांड्याच्या पाइपात पाणी ओतून, दोन्ही टोकांना अंगठे दाबून उभं राहिलेलं पाहिलंय. "थेंब पन नाय," असं म्हणून मग त्यांनी ती ट्रॉली गिऱ्हाइकाच्या हवाली केली. रियाधजवळच्या अल खर्जमधल्या एका वर्कशॉपात ते वेल्डिंग करायचे. तिथे मुख्यतः डेअऱ्यांच्या दुधाच्या टाक्या बनत. त्यांच्या हातची टाकी गळल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मला जो ताप झाला तो टाकीमुळे नाही.

मी रियाधच्या एका मॉलमधल्या बर्फघरात मेंटेनन्स बघतो. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत पोरं भाड्याचे जाड कोट घालून मशीनच्या बर्फात लोळतात. त्यांच्या घसरगाड्या ओढायला आमच्याकडे एकच स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची स्कूटर. आमचा बर्फ वीतभर, खाली काँक्रीट. उताराच्या कडेवर आपटून आपटून तिच्या पोटाखालची प्लास्टिकची प्लेट फुटली. त्या मॉडेलची प्लेट बाजारात मिळेना. शाळांच्या सुट्ट्या तोंडावर, आणि नेमकं तेव्हाच चिपळूणला माझ्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न. नवऱ्या मुलाचा कान पिळायला माझ्याशिवाय दुसरा सख्खा भाऊ नाही. पण आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, एकच वाक्य शिकलेला: "गाडी चालू कर, मग जा. नाहीतर सुट्टी खलास."

कोणीतरी सांगितलं, खर्जला तुमच्या कोकणातलाच एक म्हातारा आहे, तो करून देईल. फुटकी प्लेट घेऊन मी गेलो. याकूबभाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. त्यांनी प्लेट दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "ह्यात लोनचा पन राहायचा नाय."

त्यांनी ॲल्युमिनियमची प्लेट बनवली. कडा वर घेतलेल्या, पुढचं नाक होडीसारखं उचललेलं. सुंदर होती, नाही कशाला म्हणू? तिच्यात पाणी भरून त्यांनी मला दाखवलंही. मी म्हटलं, "याकूबभाई, जुन्या प्लेटला खाली भोकं होती."

"कसली भोकां?"

"आत बर्फ वितळतो, ते पाणी जायला."

मी आईवरून शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "होरीच्या तलाला भोक पारू? माजा बापूस कबरीतून उठंल."

"अहो, ही होडी नाही!"

"खाली तल हाय, वर मानूस बसतो, बाजूला पानी. मंग होरी नाय तर काय म्हशीचा गोठा?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्लेट बसवली. गाडी झकास चालली. पण इंजिनाच्या उष्णतेने वितळलेलं पाणी प्लेटमध्ये साचत गेलं, आणि बर्फघर बंद झाल्यावर आम्ही थंडी वाढवतो तेव्हा ते गोठलं. सकाळी गाडी ओढणारा इंजिनाचा पट्टा बर्फाच्या लादीत रुतलेला. केस वाळवायचं मशीन घेऊन आम्ही दुपारपर्यंत तिच्या पोटाला वारा घालत बसलो.

पुन्हा खर्ज. "भोकं पाडा," मी म्हटलं. "वरना येनारा पानी वरनाच थांबव, तलाचा काय गुन्हा?" असं म्हणून त्यांनी वरून एक पत्र्याची झाप जोडून दिली. बर्फ त्यातूनही शिरला. पुन्हा लादी, पुन्हा मुदीरची बोंबाबोंब. कान पिळायचेच असतील तर आधी या म्हाताऱ्याचे पिळावेत, असं मला वाटायला लागलं.

शेवटी मी स्वतः ड्रिल घेतलं आणि चार भोकं पाडली. पाणी गेलं, पण दुसऱ्या दिवशी गर्दीने तुडवलेला चिखलासारखा बर्फ त्याच भोकांतून वर घुसला आणि गच्च बसला. गाडी ऐन उतारावर अडकली. मागच्या घसरगाड्यांतली पोरं भोकाड पसरून रडायला लागली. मी तिथूनच याकूबभाईंना फोन लावला. "झालं तुमच्या मनासारखं? आता बहिणीच्या लग्नाला मी जात नाही!"

पलीकडून आवाज आला, "तू भोकां पारलीस?"

"हो, पाडली!"

फोन बंद.

शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ते दुधाच्या टँकरवाल्याशेजारी बसून रियाधला आले. भाड्याचा कोट घातला, बर्फात उताणे झोपले आणि गाडीखाली सरकले. भोकांवरून हात फिरवला. मग खिशातून रबराचे तुकडे काढून, तिथेच कानशीने घासून चार बुचं केली.

"होरीला एक भोक असता," ते गाडीखालूनच म्हणाले. "बापूसच पारायचा. किनाऱ्याला ओढली का बूच काढायचा, पानी जाऊ द्यायचा. दर्यात घालताना बूच लावायचा."

माझं डोकं फिरलं. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"लावायचा विसरला तर? माजा थोरला भाव विसरला." ते बाहेर सरकले, कोटावरचा बर्फ झटकला. "होरी मिलाली, तो नाय मिलाला. आन् तू तर सगल्यात घाईचा."

मग त्यांनी गाडीच्या किल्लीच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकला. रोज बंद करताना बुचं तिथे टांगायची. सकाळी किल्ली घेताना ती दिसतातच. "आता जा लगीनाला," म्हणाले. "येताना जवला आन. सुका. ताजा वास मारनारा."

गाडी चालली. मी लग्नाला पोचलो आणि प्लेटचा सगळा राग मेहुण्याच्या कानावर काढला. परतताना बॅगेत सुका जवळा होता, कपड्यांना आठवडाभर वास येत राहिला. तो घेऊन खर्जला गेलो तर वर्कशॉपवाले म्हणाले, याकूबभाई गेले. जुम्म्याची नमाज पढून आले, छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले. खर्जलाच दफन केलं.

मला रडू यायच्या आधी राग आला. समुद्र जिथून दिवसभराच्या वाटेवर, अशा कोरड्या ठिकाणी या माणसाने कायमचं झोपावं? आणि जवळा आणायला सांगून? ती पिशवी हातात घेऊन मी वर्कशॉपच्या दारात कितीतरी वेळ उभा होतो.

मध्यंतरी मुदीरने कुठूनतरी तशीच प्लास्टिकची प्लेट मिळवली. भोकांसकट. ती अजून खोक्यातच आहे. मी सांगितलं, त्यात लोणचंही राहायचं नाही. रोज सकाळी किल्ली घेतो, बुचं घेतो, गाडीखाली झोपून एकेक दाबून बसवतो. वरून मुदीर "यल्ला, यल्ला" करत घाई लावत असतो. मी पुन्हा एकदा हात घालून चाचपतो. चारही जागच्या जागी असतात. तरी चाचपतो.