कोनीयमधला न

"कोळणीने लिपस्टिक लावावी तसा लावते ती ण."

हे माझ्या हेडफोनमध्ये आलं. काचेपलीकडे भाषा तपासणाऱ्या मॅडम रेकॉर्डिस्टकडे वळून बोलत होत्या आणि माझ्याशी बोलायचं बटण त्यांच्या कोपराखाली दाबलेलं राहिलं होतं. रेकॉर्डिस्ट हसला. मग त्याचं बटणाकडे लक्ष गेलं, त्याने त्यांचा हात हलकेच बाजूला केला आणि माझे कान पुन्हा बंद झाले. मी कागदाकडे बघत राहिले. ऐकलं नाही असं दाखवणं मला चांगलं जमतं. शाळेपासून मी तेच करत आले आहे.

तुर्भ्याच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आणि अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडलेल्या मुलांसाठी आम्ही फिजिक्सचे व्हिडिओ बनवायचो. धडे मी लिहायचे. आवाज ठाण्याच्या एका बाईंचा असायचा. त्या नाटकात काम करायच्या, आवाज सुंदर होता आणि आपण काय वाचतोय याची त्यांना काडीचीही कल्पना नसायची. 'बल' म्हणताना थांबायच्या, 'गुणिले'वर उसासा टाकायच्या. मी घरी तो व्हिडिओ ऐकून चिडायचे आणि ऑफिसात पुढचा धडा लिहायला बसायचे.

या वेळी ऑफिस चालवणाऱ्या सरांनी मला आवाज द्यायला सांगितलं होतं. धडा दृढ वस्तूच्या फिरण्याचा होता. तो पास झाला तर पूर्ण प्रकरण माझ्या आवाजात, नाहीतर पुन्हा ठाण्याच्या बाई. मला ते प्रकरण हवं होतं. इतकं हवं होतं की आठवडाभर मी बाथरूममध्ये नळ सोडून मोठ्याने वाचत होते.

आमचं घर करावे गावातलं, कोळ्यांचं. घरात 'पानी', 'लोनी', 'कोन आला'. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते एवढ्यासाठीच की माझ्या बोलण्याला कोणी हसू नये. तिथे मराठी हा एका तासाचा विषय होता, आणि त्या एका तासात हसायला पुरेसा वेळ मिळायचा. मी 'आनी' म्हटलं की मागच्या बाकावरून "आनी, बानी, शानी" असा कोरस यायचा. तेव्हापासून मी बोलायच्या आधी प्रत्येक शब्द तपासते. जिथे 'न' येईल तिथे मला तो चुकीचाच वाटतो, आणि मी 'ण' लावते.

म्हणून त्या दिवशी मी 'कोणीय वेग' म्हणत होते.

पहिल्यांदा मॅडमनी समजावलं. "अगं राणी, कोन. काटकोनातला कोन. नळाचा न." दुसऱ्यांदा त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. तिसऱ्यांदा माझी जीभ 'न'वर गेली आणि घाबरून मागे वळली. मला राग याचा आला की घरी कोणीही, माझ्या आजीनेसुद्धा, हा शब्द पहिल्या फटक्यात बरोबर म्हटला असता. अख्ख्या पुस्तकात हा एकच शब्द आमच्या तोंडासाठी बनला होता आणि मी तोच बिघडवत होते.

मॅडम त्याआधीही माझ्या कागदावर चालून आल्या होत्या. दृढ वस्तू म्हणजे काय हे सांगताना मी फेकायच्या जाळ्याचं उदाहरण दिलं होतं. जाळं गिरकी घेत हवेत उघडतं तेव्हा त्याची कड मागे रेंगाळते, मधला भाग पुढे गेलेला असतो. म्हणून जाळं दृढ वस्तू नाही. दार मात्र आहे. दाराचा कुठलाच भाग दुसऱ्याला मागे टाकत नाही. मॅडमनी जाळ्यावर काट मारली होती. "शैक्षणिक व्हिडिओत मासळी कशाला? सगळ्या घरांत चालत नाही ते." तिथे त्यांनी घागरा घातला. घागराही मागे रेंगाळतो, त्यामुळे मी तो राहू दिला. मला फक्त त्यांच्या 'सगळ्या घरांत' या शब्दांत आमचं घर कुठे दिसलं नाही.

आता त्या दार ढकलून आत आल्या. त्यांच्या अत्तराने ती एवढीशी खोली भरून गेली. माझ्यापुढचा कागद त्यांनी ओढला आणि 'कोनीय' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडला.

"नुसतं 'वेग' वाच. तुझाही त्रास गेला, आमचाही."

मी वाक्य बघितलं. 'दार उघडताना कडीजवळच्या आणि बिजागरीजवळच्या भागाचा वेग सारखाच असतो.'

"मॅडम, पण..."

"काय पण? मुलांना सोपं वाटेल. कोनीय-बिनीय कोणाला कळतं?"

सर दारात येऊन उभे राहिले होते. "झालं का? स्टुडिओ दुपारी दुसऱ्यांना द्यायचाय. एका शब्दाचं काय टेन्शन घेता?"

"मी काढला सर तो शब्द. तिला जमत नाहीये."

"मग झालं तर," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, जरा मायेने: "तू घाबरू नकोस. छान वाच. बाकीचं प्रकरणही तुझंच आहे."

ते दोघेही काचेपलीकडे रेकॉर्डिस्टजवळ जाऊन बसले. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला.

त्या जड दाराची कडी अजून हलत होती. मॅडमनी दार ढकललं तेव्हा कडीने केवढी तरी जागा कापली होती आणि बिजागरीपाशी दार जेमतेम सरकलं होतं. तरी दोन्हीकडे दार तेवढ्याच कोनातून, तेवढ्याच वेळात फिरलं. कडी जोरात पळते, बिजागरी हळू, आणि कोनीय वेग दोघींचा एक. सगळा धडा एवढ्यासाठीच होता. तो शब्द काढला की उरतं ते साफ खोटं. कुठल्यातरी पाड्यावरची मुलगी ते माझ्या आवाजात ऐकून पाठ करेल, परीक्षेत लिहील, आणि तिला चूक कळेल तेव्हा ती स्वतःलाच मठ्ठ समजेल. ते कसं समजतात, मला माहीत आहे.

वाचलं असतं तर प्रकरण माझं होतं. वाचणं कठीणही नव्हतं. जीभ अडायची तो शब्द आता त्या वाक्यात नव्हताच.

हेडफोनमध्ये मॅडमचा आवाज आला. "चल राणी, घे. आणि तोंड जरा हसरं ठेव, आवाजात कळतं."

मी कागद उलटा केला. आवाज कसा येईल हे तपासायला त्या वेळी मी थांबले नाही, म्हणून जे निघालं ते घरचं निघालं.

"वेग वेगला हाय, मॅडम. कोनीय वेग सारका हाय. ह्या कागदावर खोटं लिवलंय आनी ता मी वाचनार नाय. आना तुमची ठान्याची बाई."